तीनशे अठरा हात

सियालदह स्टेशनाबाहेरची ती संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा माझ्या खोलीतला तो एक तास मी अजून विसरलेलो नाही. नोकरीतल्या इतर प्रकरणांबद्दल कोणी विचारलं तर मी रंगवून सांगतो. हे मात्र घरातही कधी पूर्ण सांगितलं नाही. तपास बरोबर झाला होता, कागद चोख होते, आणि तरी जे झालं ते माझ्यामुळे झालं.

केंद्राच्या एका पोलीस दलात मी एकोणतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची चार कोलकात्यात, प्रतिनियुक्तीवर, परदेशी नागरिकांची नोंद आणि चौकशी पाहणाऱ्या कार्यालयात. दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी न्यू टाउनमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली होती, म्हणून इथेच राहिलो.

ते कार्यालय ठाण्यासारखं नव्हतं. कोठडी नाही, आरडाओरडा नाही. सकाळी दहाला खिडकी उघडायची आणि मुदत संपलेले विद्यार्थी, पासपोर्ट हरवलेले पर्यटक, लग्न करून राहिलेल्या परदेशी बायका रांगेत यायच्या. शिवाय सी फॉर्म. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलने चोवीस तासांत त्याची माहिती या फॉर्मवर कळवायची असते. रोज सकाळी चहाच्या आधी मी आदल्या दिवसाचे फॉर्म आणि हॉटेलांच्या याद्या जुळवायचो. एक माणूस जरी कमी-जास्त निघाला तरी मला चहा गोड लागायचा नाही. आमचा हवालदार निवृत्तीला आलेला बंगाली गृहस्थ होता. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही म्हणायचो. तो माझ्या मागे मला ‘हिशेबबाबू’ म्हणतो हे मला ठाऊक होतं, आणि मला त्याचं वाईट वाटत नसे.

साथ ओसरून परदेशी पर्यटक पुन्हा यायला लागले, त्यानंतरचा दुसरा हिवाळा. एका सकाळी खिडकीऐवजी थेट माझ्या दाराशी एक वयस्क गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, स्वेटर, हातात कापडी पिशवी. सियालदहजवळच्या एका लहानशा चर्चचे पाद्री. बसा म्हटलं तरी बसेनात.

“सर, एक परदेशी गट आलाय. तेरा जण आहेत. रोज संध्याकाळी स्टेशनाबाहेर गाणी म्हणतात, मूकनाट्य करतात आणि मग धर्माबद्दल बोलतात. त्यांना बोलावून जरा समज द्या.”

मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. पाद्रीच तक्रार करतोय?

ते म्हणाले, “हे लोक चार-पाच दिवसांनी विमानात बसतील. आम्ही इथेच राहणार. शेजाऱ्यांना तोंड आम्हाला द्यायचंय. माणसं वाईट नाहीत हो, सर. भोळी आहेत. काल त्यांचा पुढारी आनंदाने मला सांगून गेला की सहा संध्याकाळींत दोनशे बावन्न लोकांनी प्रभूचा स्वीकार केला, आता ते तुमच्याकडे येतील.”

“मग? आले?”

“माझ्याकडे रविवारी बेचाळीस जण येतात. त्यातले दोघे तर बायकोला सोडायला येतात आणि बाहेर विडी ओढत बसतात.” ते पहिल्यांदा हसले. “बेचाळीसचे त्रेचाळीस झालेले नाहीत.”

मी म्हटलं, लेखी द्या. ते नाही म्हणाले. नुसती समज द्या, केस नको, एवढंच दोन-तीनदा सांगून निघून गेले. मी आवक नोंदवहीत ‘तोंडी माहिती, नाव न सांगण्याच्या अटीवर’ अशी नोंद केली. नोंद झाली की चौकशी आलीच. पण खरं सांगायचं तर चौकशी मी नोंदीमुळे सुरू केली नाही. दोनशे बावन्न आणि शून्य, हे दोन आकडे माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसेनात.

नियम साधा होता. पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. त्याला वेगळा व्हिसा लागतो. सी फॉर्म काढले. तेरा जण, चार पुरुष, नऊ बायका, एकाच गावच्या एकाच चर्चचे. सर्वांत लहान मुलगी एकोणीस वर्षांची, सर्वांत मोठ्या बाई त्र्याहत्तर. येण्याचं कारण, पर्यटन. सोबत एका ट्रॅव्हल एजंटाने दिलेली स्थानिक गाइड.

त्याच संध्याकाळी दादा आणि मी साध्या कपड्यांत गेलो. स्टेशनातून लोकांचा लोंढा भाजीबाजाराच्या दिशेने वाहत होता. दादाला मी बाजाराच्या पलीकडच्या तोंडाशी उभं केलं आणि स्वतः गर्दीत शिरलो. दहा-बारा जण काळे शर्ट घालून, तोंडाला पांढरा रंग लावून मूकनाट्य करत होते. एकाच्या खांद्यावर भलं मोठं ओझं, तो पडतो, दुसरा येऊन ओझं उतरवतो. पब्लिकला मजा येत होती. मग गिटारवर गाणं झालं. मग त्यांचा पुढारी बोलायला लागला. चौसष्ट वर्षांचा उंच माणूस, त्याच्या गावी शाळेची बस चालवायचा. तो एक-दोन वाक्यं इंग्रजीत बोलायचा आणि शेजारी उभी असलेली गाइड छोट्या स्पीकरवरून बंगालीत सांगायची. पस्तिशीची, कॉटनची साडी, पायात स्पोर्ट्स शूज.

मला बाजारापुरतं बंगाली येत होतं. बसच्या हॉर्नमध्ये तिचं बोलणं कळलं नाही. मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. शेवटी पुढाऱ्याने आवाहन केलं, तिने ते सांगितलं, आणि लोकांचे हात वर गेले. मी मोजले. सहासष्ट. पुढारी खिशातून छोटी वही काढून लिहीत होता. दुसऱ्या दिवशी ती वही पाहिली तर त्यातही सहासष्टच होते.

सकाळी तेराही जणांना पासपोर्टसह आणि त्यांच्या गाइडलाही बोलावलं. बाकड्यांवर गपचूप बसले होते. पुढाऱ्याने काहीही लपवलं नाही. “आम्ही सांगायला आलो होतो, सांगितलं,” म्हणाला. व्हिसाचा नियम माहीत नव्हता, फॉर्म चर्चमधल्या एकाने सगळ्यांचे मिळून भरले होते. वही त्याने स्वतःहून टेबलावर ठेवली. सात ओळी होत्या. एकवीस, चौतीस, एक्केचाळीस, सेहेचाळीस, बावन्न, अठ्ठावन्न, सहासष्ट. बेरीज तीनशे अठरा. खोटं बोलणारा माणूस गोल आकडे सांगतो, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव. या वहीत एकही गोल आकडा नव्हता. माणूस खरा होता, आणि म्हणूनच मामला गंभीर होता. परदेशी लोकांनी भर रस्त्यात सात दिवसांत तीनशे अठरा जणांचं धर्मांतर केलं, असा कागद माझ्या सहीने वर गेला असता तर त्याचं काय झालं असतं हे वेगळं सांगायला नको.

मी दादाला रेकॉर्डिंग दिलं आणि म्हटलं, एकेक वाक्य लिहून द्या. तो कानाला मोबाइल लावून बसला. थोड्या वेळाने त्याचे खांदे हलायला लागले.

“काय झालं?”

“सर, यात धर्मांतर कुठंय? बाई म्हणते, हे साहेब सांगतात की माणसाने खोटं बोलू नये, दारू पिऊन घरी तमाशा करू नये, म्हाताऱ्या आईबापांकडे बघावं. हे तर माझी बायको रोज सांगते.”

“आणि हात? हात कशाला वर झाले?”

दादाने मोबाइल पुन्हा मागे नेला आणि ऐकून सांगितलं. “ती म्हणते, हे लोक फार लांबून आलेत, थोड्या दिवसांत परत जातील. गाणं आवडलं असेल तर हात वर करा, म्हणजे बिचाऱ्यांना बरं वाटेल.”

तपासातला दुवा असा सापडला. मला मनापासून आनंद झाला, हेही कबूल करतो. दोनशे बावन्न आणि शून्य जुळले होते.

गाइडला आत बोलावलं. आधी म्हणाली, ते जे बोलले तेच मी सांगितलं. मी रेकॉर्डिंग लावलं. तिने दोन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, “बंद करा सर, माझा आवाज मला आवडत नाही.”

मग तिने टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली. “मराठी? आमच्या बागबाजारात तुमच्या मराठा स्वारांना अडवायला इंग्रजांच्या काळात खंदक खणला होता. रोज पर्यटकांना दाखवते. आता बुजून रस्ता झालाय, म्हणून तुम्ही आत आलात.”

दादा हसला. मीही हसलो. चौकशीला आलेली माणसं घाबरली की दोन प्रकारांनी वागतात. काही जण गप्प होतात, काही जण थट्टा करतात. तिचे हात टेबलाखाली होते.

मी विचारलं, “असं का केलंत?”

“पहिल्या दिवशी मला माहीतच नव्हतं. स्टेशन दाखवायचंय म्हणाले, आणि तिथे गेल्यावर गिटार काढलं. दादू बोलायला लागले.” पुढाऱ्याला ती दादू, म्हणजे आजोबा म्हणायची. “गर्दीत दोन-चार जणांच्या कपाळावर आठ्या दिसल्या मला. तेरा माणसं माझ्या भरवशावर, त्यात एक त्र्याहत्तर वर्षांची. दगड आला असता तर? जे सांगून कोणी चिडणार नाही ते सांगितलं.”

“नाही म्हणायचं होतं.”

“नाही म्हटलं असतं तर एजंटाने दुसरी पाठवली असती. ती खरं भाषांतर करणारी निघाली असती म्हणजे?” ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “सर, साथीत अडीच वर्षं एकही परदेशी आला नाही. मुलांच्या शिकवण्या घेतल्या. घरात आई आणि मी. या हिवाळ्यापासून एजंट मला त्या देशाचे सगळे गट देणार आहे, फक्त हा गट खूश जाऊ दे म्हणालाय. तुम्ही तुमच्या कागदात जे खरं ते लिहा. मी सही करते. पण त्यांना सांगू नका. दादूंना तर नकोच.”

जबाब लिहून झाला. तिने वाचून सही केली. रेकॉर्डिंग होतं, दादाचं भाषांतर होतं, तिचा जबाब होता. इथे मी थांबायला हवं होतं.

पण माझ्या समोर दोन कागद होते. पुढाऱ्याच्या सहीच्या जबाबात लिहिलं होतं, ‘तीनशे अठरा लोकांनी स्वीकार केला.’ हिच्या जबाबात, ‘कोणीही नाही.’ एकाच फायलीत दोन आकडे. मी म्हटलं, “विसंगती आहे. दोघांना समोरासमोर बसवावं लागेल.”

तिने दादाकडे पाहिलं. दादा बोलला. “सर, लागेलच का?”

“चुकीचा आकडा सहीनिशी फायलीत कसा ठेवायचा?”

“आकडा त्यांचा आहे, सर. त्यांच्यापाशी राहू दे.”

मी त्याला पुढाऱ्याला बोलवायला सांगितलं. तो गेला, पण दार लावताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढारी आत आला, तिला पाहून हसला, तिच्या शेजारी बसला. मी तिचा जबाब इंग्रजीत वाचून दाखवला. सावकाश, प्रत्येक वाक्य. गाणं आवडलं असेल तर हात वर करा, या वाक्यापाशी त्याने हात उचलून मला थांबवलं.

“पहिल्या दिवसापासून?” त्याने तिला विचारलं.

“हो, दादू.”

“एकही नाही?”

“गाणं खरंच आवडलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “ते मी खोटं नाही सांगितलं.”

त्याने टेबलावरची वही उघडली आणि ते सात आकडे पाहत राहिला. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला नाही. मला म्हणाला, “खरं सांगितलंत, आभारी आहे. मी रोज रात्री घरी हे आकडे कळवत होतो. आमच्याकडची सत्तर-ऐंशी माणसं ते ऐकून प्रार्थना करत होती. आता मला त्यांना कळवावं लागेल.” मग माझ्याकडचं पेन मागून त्याने जबाबातला आकडा खोडला, शेजारी शून्य लिहिलं आणि बारीक सही केली. माझ्याहूनही नीट. बाहेर जाऊन त्याने इतरांना सांगितलं असणार, कारण दाराच्या काचेतून ती एकोणीस वर्षांची मुलगी तोंड ओंजळीत धरून बसलेली दिसली. त्र्याहत्तर वर्षांच्या बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

गाइड उठली. “मी त्यांना जेवायला घेऊन जाऊ ना, सर? दीड वाजून गेलाय. आजींना गोळी घ्यायची असते.”

मी जा म्हटलं.

अडीच पानांचा अहवाल लिहून मी वरिष्ठांसमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, पेन्सिल घेतली आणि दोन पानं आडव्या रेघेने काढून टाकली. “पर्यटक व्हिसावर प्रचार केला, कबुली आहे, बस झालं. कोणी किती हात वर केले याच्याशी आपल्याला काय करायचंय?” अर्ध्या पानाचा अहवाल गेला. बहात्तर तासांत देश सोडण्याची नोटीस निघाली. त्यांचं परतीचं विमान तसंही चार दिवसांनी होतं. म्हणजे माझ्या संपूर्ण तपासाने तेरा माणसं एक दिवस लवकर घरी गेली.

पुढारी माझ्यासारखाच निघाला. घरी पोचल्यावर त्याने आपल्या चर्चला आकडा दुरुस्त करून कळवला, आणि एजंटालाही सविस्तर पत्र लिहिलं. तक्रार म्हणून नव्हे. गाइडने आमची काळजी घेतली, ती चांगली आहे, पण खरी नोंद राहावी म्हणून काय घडलं ते लिहितो, असं. पत्राची प्रत त्याने मलाही पाठवली, म्हणून मला ठाऊक. एजंटाने त्यातलं एकच वाचलं. गाइड गिऱ्हाइकाचं बोलणं बदलते. त्याने तिला यादीतून काढलं. या धंद्यात दहा-पंधरा एजंट आहेत आणि सगळे एकमेकांना ओळखतात. दोन महिन्यांनी दादाने बाहेर चौकशी केली. तिला कोणी गट देत नव्हतं.

मी एजंटाला फोन केला. तो फार अदबीने बोलला आणि काहीही करायला तयार झाला नाही. पोलिसांचा फोन आल्यावर तर तिचं नाव आणखीच खराब झालं असावं. तेही मला फोन ठेवल्यावर सुचलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. तपास अधिकाऱ्याला खरं शोधून काढायचा पगार मिळतो. ते सापडल्यावर कोणाकोणासमोर वाचून दाखवायचं, हे त्याने प्रत्येक वेळी नव्याने ठरवायचं असतं. मी ते कधी ठरवलंच नव्हतं. माझी समजूत होती की खऱ्याला नुसती वाट करून द्यायची, पुढचं आपोआप बरोबर होतं. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून असं आणखी किती जणांचं झालं असेल, हा आकडा माझ्याकडे नाही.

गेल्या वर्षी बायकोच्या गुडघ्यासाठी न्यू टाउनमधल्या एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. नोंदणीच्या काउंटरवर ती होती. निळा कोट, गळ्यात ओळखपत्र, केस थोडे पिकलेले. तिने फॉर्मवरचं माझं नाव वाचलं, वर पाहिलं आणि ओळखलं. बायकोला तिने खुर्ची आणून दिली, पाय सरळ ठेवा, काकू, म्हणाली. बायको मला मराठीत म्हणाली, “किती गोड बोलते हो ही.”

बायको डॉक्टरांकडे आत गेल्यावर मी काउंटरवर परत आलो. बरेच दिवस मनात जुळवून ठेवलेली वाक्यं होती. त्यातलं एकच बाहेर आलं. “त्या वेळी तुमचं नुकसान झालं. मला वाईट वाटतं.”

ती फॉर्मला पंच मारत होती. “नाही सर. सुरुवातीला मला फार राग आला होता. पण मग आई म्हणाली, तो माणूस काय करणार, त्याला नियम पाळावे लागतात. समोरासमोर बसवायचा नियमच आहे म्हटल्यावर तुम्ही तरी काय करणार होतात?” तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला. “इथे सही करा.”

तसा नियम नव्हता. ते प्रकरण संपल्यावर मी सगळी परिपत्रकं आणि पुस्तिका शोधल्या होत्या. परदेशी माणसाच्या अशा साध्या चौकशीत जबाब समोरासमोर ठेवलेच पाहिजेत, असं एकाही कागदावर लिहिलेलं नाही. ते मी ठरवलं होतं, एका वहीतल्या आकड्यासाठी.

ती माझ्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. आईच्या त्या एका वाक्यावर तिने सगळं मिटवून टाकलं होतं. खरं काय ते मला तिला सांगायला हवं होतं. मी सही केली आणि म्हटलं, “हो, नियम होता.”